डब्यातला डबा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्हांस चार दिवस बडोद्यास राहण्याचा योग आला. सरकारी कागदोपत्री त्या शहराचे नाव वडोदरा असे असले, तरी आमच्या पिढीच्या तोंडी बडोदेच बसलेले आहे. वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे. आमचा भाचा तेथे संगणकाच्या कामावर आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या ज्या अभियांत्रिकी विभागात तो शिकला, त्याचे मूळ म्हणजे १८९० साली महाराजांनी काढलेले कलाभवन. त्यामुळे आपण सयाजीरावांच्या पंक्तीत जेवलो आहोत, असे तो थट्टेने म्हणत असतो. वसई रोडला गाडीत बसताना आमच्या बहिणीने सुक्या बोंबलांची पुडी आमच्या हाती दिली होती. ती त्याच्या स्वाधीन करून आम्ही पाय पसरतो न पसरतो तोच तो म्हणाला, "मामा, उद्या तुम्हांला एक जागा दाखवतो. तुमच्या आवडीची आहे."

ती जागा म्हणजे मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले असता तेथील वाचनालयांची व्यवस्था पाहून प्रभावित झाले आणि १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. हा गृहस्थ १९१३ पर्यंत येथे होता. तेवढ्या अवधीत त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी केली, ग्रंथपालांचे शिक्षण सुरू केले आणि संस्थानातील गावोगावी वाचनालये पोहोचविण्याची योजना आखली. जेथे वाचनालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात असत. पेटी गावात यायची, वाचून झाली की पुढच्या गावी जायची. खेड्यात वाढलेल्या आम्हांस त्या काचेच्या इमारतीपेक्षा ह्या पेट्यांचेच अप्रूप अधिक वाटले.

काचेची इमारत म्हणण्याचे कारण असे की पुस्तकांच्या पोलादी मांडण्या, ज्या अमेरिकेतील स्नीड कंपनीच्या आहेत, त्या मजल्यावर मजला अशा रचल्या असून मधली जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पाझरतो. पुस्तके विषयवार लावण्यासाठी बॉर्डनने कटर आणि ड्युई ह्या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्याची स्वतःची पद्धत सिद्ध केली होती. मोठा विषय, त्याच्या पोटात लहान विषय, त्याच्या पोटात त्याहून लहान, असे उतरत जाऊन अखेरीस एक पुस्तक हाती लागावयाचे. भाचा म्हणाला, "आमचेही काम हेच. फक्त आमच्या मांडण्यांना काचेची जमीन नसते. खाली काय आहे ते वरून दिसत नाही."

ह्यावरून आम्हांस आमच्या लहानपणची गोष्ट आठवली. आमच्या गावच्या वाचनालयात एका जुन्या नाटकाच्या पुठ्ठ्यात मागच्या बाजूस भाजीपाल्याच्या लागवडीची एक पुस्तिका बांधलेली होती. बांधणाऱ्याने दोन्ही एकत्र शिवली आणि नोंदवहीत नाव चढले ते केवळ नाटकाचे. कित्येक वर्षे ती पुस्तिका गावात असून नसल्यासारखी होती. लोक ती मागावयास येत आणि आमचे ग्रंथपाल नोंदवही पाहून प्रामाणिकपणे "नाही" असे सांगत. भाच्याने हे ऐकले आणि हसून सोडून दिले.

त्याच रात्री जेवणे आटोपल्यावर त्याच्या कचेरीतून फोन आला.

प्रकार असा होता. तो ज्या कचेरीत काम करतो, ती इस्पितळांना रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचे साधन बनवून देते. एका इस्पितळात एका वृद्ध रुग्णास पेनिसिलिनच्या जातीचे औषध टोचावयाचे ठरले होते. संगणकाच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे न सोसणाऱ्या औषधांच्या रकान्यात काहीही नव्हते. सुदैवाने परिचारिकेने मुलास विचारले आणि मुलाने पिशवीतून दहा वर्षांपूर्वीचा जीर्ण कागद काढला. त्यावर पेनिसिलिन देऊ नये असे लाल शाईने लिहिलेले होते. सुई थांबली. हा कागद त्या इस्पितळाच्याच एका लहान शाखेचा होता आणि त्या शाखेची सारी जुनी नोंद दोन महिन्यांपूर्वी संगणकात आलेली होती, असे सर्व समजून चालले होते.

पेनिसिलिनचे नाव आपणांस परके नाही. फ्लेमिंगने १९२८ साली त्याचा शोध लावला आणि १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे त्याचा सरकारी कारखाना निघाला. लक्षावधी जीव ह्या औषधाने वाचविले आहेत. परंतु ज्या थोड्यांना ते सोसत नाही, त्यांच्यापैकी काहींचा श्वास सुई टोचल्यापासून काही मिनिटांत कोंडू लागतो. म्हणून त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ काय, हा प्रश्न लहान नव्हता. ह्या रुग्णाचा मुलगा कागद जपून ठेवणारा निघाला. ज्यांच्यापाशी कागद नाही, असे आणखी किती जण त्या रकान्यात होते?

भाच्याने संगणक उघडला. आम्हांस म्हणाला, "मामा, तुम्ही झोपा." आम्ही झोपलो नाही. खुर्ची ओढून त्याच्या मागे बसलो. पुढचे जे काही लिहितो आहोत ते त्याने अधूनमधून सांगितले तसे.

आजकाल संगणक एकमेकांस माहिती पाठवितात ती बहुधा एकात एक ठेवलेल्या डब्यांच्या रूपाने. ह्या रीतीस जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २००१ च्या सुमारास ती रूढ केली. आपल्या घरातील लग्नाची पेटी डोळ्यांपुढे आणावी. पेटीत कप्पे, कप्प्यात डबे, डब्यात पुडी, पुडीत आजीची कर्णफुले. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. रुग्णाची नोंद अशीच असते: रुग्ण ह्या डब्यात त्याच्या भेटी, प्रत्येक भेटीत तपासण्या आणि औषधे, प्रत्येक औषधाच्या पोटात मात्रा, वेळ आणि शेरे. आपल्या देशात २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या द्वारे आरोग्याच्या नोंदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची जी व्यवस्था आली आहे, तिच्यातही नोंदींचे रूप हे असेच आहे.

ही कल्पना नवी आहे असे मात्र नाही. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो योजनेत अग्निबाणाच्या असंख्य भागांची यादी ठेवण्यासाठी आयबीएम कंपनीने १९६८ साली जी व्यवस्था पुरी केली, तीही भागाच्या पोटात भाग अशीच होती. पुढे १९७० साली एडगर कॉड ह्या शास्त्रज्ञाने असे सांगितले की माहिती सपाट कोष्टकांत ठेवावी, म्हणजे शोधण्यास वाटा पाठ कराव्या लागत नाहीत. जगाने ते मानले. आणि तीस वर्षांनी जग पुन्हा डब्यांकडे वळले. आमच्या मते ह्यात कोणाची चूक नाही. स्वयंपाकघरात मांडणीही लागते आणि डबेही लागतात.

भाच्याने प्रथम काय केले? त्या रुग्णाची आलेली नोंद पडद्यावर छापून पाहिली. वरचा डबा दिसला, त्याच्या आतला दिसला, त्याच्याही आतला दिसला. त्यापुढे मात्र चौकटी कंसात केवळ 'ऑब्जेक्ट' एवढा शब्द उमटला. त्याने सांगितले की जी भाषा तो वापरतो, तिचे हे छापण्याचे साधन आपण होऊन दोनच पायऱ्या उतरते आणि तिसरीच्या दाराशी 'आत काहीतरी आहे' एवढे सांगून थांबते. नवशिके तेथेच फसतात. आत काही नाही असे समजून दुसरीकडे शोधू लागतात आणि सकाळ होते. पायऱ्यांची मर्यादा काढून टाकता येते. त्याने ती काढली, तर पडद्यावरून ओळींचा असा पूर लोटला की आमचे डोळे फिरले. एका माणसाच्या दहा वर्षांच्या आजारपणाचे ते पुराण होते.

असा पूर डोळ्यांनी वाचणे शहाणपणाचे नाही, म्हणून त्याने एक लहानसा शोधक लिहिला. शोधकाचे काम मोठे मजेचे आहे. त्यास एक डबा द्यावा. तो प्रत्येक चिठ्ठी वाचतो. हवी ती चिठ्ठी असेल तर ओरडतो. आणि आत आणखी डबा आढळल्यास तेच काम करण्यास आपल्यासारखाच दुसरा शोधक आत धाडतो. तो तिसऱ्यास धाडतो. तळ लागला म्हणजे एकेक जण वर येऊन पुढच्या डब्याकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात त्रेमो नावाच्या फ्रेंच इंजिनियराने भूलभुलैयातून बाहेर पडण्याची जी युक्ती सांगितली, ती हीच. वाट सापडेल तोवर खोल जावे, वाट संपली की मागे फिरावे आणि गेलेल्या वाटांवर खुणा कराव्यात. ह्याहून निराळी दुसरी एक रीत आहे, तिच्यात आधी एका पायरीवरचे सर्व डबे पाहून मगच खालच्या पायरीवर उतरतात. वस्तू वरच्या वर असेल असा संभव असल्यास ती बरी. भाच्यास वस्तू कोठे आहे ह्याचा पत्ताच नव्हता, तेव्हा त्याने पहिली धरली.

खुणा करण्याचे काम क्षुल्लक समजू नये. कधी कधी आतल्या डब्यात बाहेरच्याच डब्याचा पत्ता लिहिलेला असतो. भेटीच्या पोटात रुग्ण, रुग्णाच्या पोटात पुन्हा तीच भेट. खूण न करणारा शोधक तेथे जन्मभर फिरत राहील. दुसरी खोड म्हणजे रिकाम्या जागेची. भाच्याच्या भाषेत 'येथे काहीच नाही' हे सांगण्यास एक शब्द आहे आणि तुझी जात कोणती असे विचारल्यास तो शब्द 'मी डबा आहे' असे उत्तर देतो! १९९५ साली ब्रेंडन आइक ह्यांनी ही भाषा दहा दिवसांत सिद्ध केली, त्या घाईतला हा दोष आजतागायत तसाच राहिला आहे, कारण आता तो सुधारावा तर जगातील जुने काम मोडेल. शोधक त्या नसलेल्या डब्यात पाय घालतो आणि कोसळतो. भाच्याचा शोधक पहिल्या खेपेस असाच कोसळला. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला, एक ओळ वाढविली आणि पुन्हा सोडला.

आणखी एक गोष्ट त्याने केली, ती आम्हांस फार पटली. 'सापडले' एवढेच सांगू नकोस, कोणत्या डब्यातून कोणत्या डब्यात उतरलास ती सारी वाट सांग, अशी त्याने शोधकास ताकीद दिली. सापडलेली वस्तू पुन्हा कोठे ठेवलेली होती हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्या रुग्णाच्या नोंदीत ती कोठे पाहावी हे कसे कळणार?

शोधक तळापर्यंत जाऊन आला. सांगितले, 'नाही.'

न सोसणाऱ्या औषधांची चिठ्ठी त्या सबंध नोंदीत, आमच्या डोळ्यांदेखत, एक सोडून दुसऱ्या ठिकाणी नव्हती. आणि जेथे होती, तो डबा रिकामा होता. भाच्याने चिठ्ठीऐवजी वस्तू शोधून पाहिली. पेनिसिलिन हे मूल्य कोणत्याही डब्यात आहे काय? नाही. रात्रीचा एक वाजून गेला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. कचेरीतील वरिष्ठांचा पुन्हा फोन आला आणि शाखेने ती माहिती पाठविलीच नसावी, असे त्यांनी सुचविले. तसे असते तर आमच्या भाच्याची जबाबदारी तेथे संपली असती आणि तो झोपी गेला असता. त्याने फोनवर एवढेच म्हटले, "साहेब, नाही म्हणायला अजून वेळ आहे."

आम्ही चहा केला. चहा होईपर्यंत त्याने आम्हांस एक जुनी हकिकत सांगितली. संगणकातील दोषास ते लोक 'बग' म्हणजे किडा म्हणतात. एडिसनने १८७८ साली आपल्या पत्रात हा शब्द यंत्रातील खोडीसाठी वापरलेला आहे. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू ह्या यंत्रात खरोखरीच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो काढून नोंदवहीत चिकटविला आणि प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशी खाली नोंद केली. ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात अद्याप आहे. आम्ही म्हटले, तुझा किडा तर चिमटीत धरण्यासारखा दिसत नाही. तो म्हणाला, "तोच तर त्रास."

मग त्याने शोधक बाजूस ठेवला. सबंध नोंद, डबे, चिठ्ठ्या आणि सारे काही, एका लांबलचक साध्या मजकुराच्या रूपाने कागदासारखी उलगडली आणि त्या मजकुरात पेनिसिलिन ही केवळ अक्षरे शोधली. अक्षरे सापडली! परंतु त्यांच्या आजूबाजूस जी अवतरणचिन्हे होती, त्या प्रत्येकाच्या आधी एक तिरपी रेघ होती. इतर कोठेही तशी नव्हती. भाचा खुर्चीत ताठ बसला.

त्या रेघेचा अर्थ असा. शाखेच्या जुन्या कार्यक्रमाने न सोसणाऱ्या औषधांचा डबा पाठविला होता, परंतु डबा म्हणून नव्हे. डब्याचे वर्णन अक्षरांत उतरवून ती चिठ्ठी 'इतर शेरे' ह्या कप्प्यात टाकली होती. आत डबा आहे असे वर्णन करणारा तो एक नुसता कागद होता. शोधक डब्यात शिरतो, कागदात शिरत नाही. त्याच्या लेखी तो कागद म्हणजे तळ. तो कागद वाचून पुन्हा डबा करण्याचे काम घेणाऱ्या बाजूने करावयास हवे होते आणि तेथे ते कोणी केले नव्हते. मजकुरात अवतरणचिन्ह आले, म्हणजे ते डब्याच्या कडेचे नसून मजकुरातले आहे हे कळावे म्हणून त्याच्याआधी तिरपी रेघ घालण्याचा जेसनचा नियम आहे. तीच रेघ चोराचे पाऊल ठरली.

आम्हांस दुपारचे ते नाटक आणि त्याच्या मागे शिवलेली भाजीपाल्याची पुस्तिका आठवली, परंतु बोलण्याचा तो प्रसंग नव्हता.

एका रुग्णाचे कोडे सुटले. आता बाकीच्यांचे काय? त्याने शोधकास नवी विद्या शिकविली. कागद हाती लागला तर तो उलगडून पाहा. त्यात डब्याचे वर्णन असेल तर तो डबाच आहे असे समजून आत उतर. नसेल तर गुपचूप पुढे जा. मग त्या शाखेतून आलेल्या सर्व नोंदी त्याने एकामागून एक त्यातून काढल्या. काही नोंदींत तर अवतरणचिन्हांपूर्वी तीन-तीन रेघा निघाल्या. म्हणजे कागदाच्या वर्णनात आणखी एका कागदाचे वर्णन. एका पदरास एक रेघ आणि दोन पदरांस तीन; रेघा मोजल्या की किती खोल उतरावयाचे ते समजते. एरवी संख्यांचा कंटाळा करणाऱ्या आम्हांस हा हिशेब इतका आवडला की आम्ही तो पाकिटाच्या पाठीवर उतरून घेतला.

येथे आम्ही थोडे थांबून आमचे एक मत सांगतो. त्या रात्रीचा खरा दोष आम्हांस त्या कागदात दिसत नाही, पडद्यावरील रिकाम्या रकान्यात दिसतो. 'ह्या रुग्णास सर्व औषधे सोसतात, आम्ही विचारून पाहिले आहे' आणि 'आम्हांस ठाऊक नाही' ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चांगल्या नोंदींत त्या निराळ्या लिहिण्याची सोय असते आणि ह्या विषयाचे जे जागतिक नियम आहेत, त्यांतही 'काही आढळले नाही' हे स्वतंत्रपणे लिहावे असे सांगितले आहे. त्या पडद्यावर मात्र दोहोंचे रूप एकच, कोरी जागा. घाईतल्या डॉक्टराने कोऱ्या जागेस 'नाही' असे वाचले तर त्यास दोष कसा द्यावा? भाच्याने हे आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांपुढे ठेवले, असे त्याने मागाहून कळविले. आमच्या बहिणीने मात्र ह्या साऱ्याचा एकच अर्थ काढला. घरातील औषधांच्या चिठ्ठ्या तिने एका बिस्किटाच्या डब्यात भरल्या आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत यजमानांचे नाव लिहिले.

पहाटे साडेचारच्या सुमारास यादी तयार झाली. ज्यांच्या पडद्यावर कोरी जागा होती आणि कागदात औषधाचे नाव होते, अशा रुग्णांची ती यादी. त्यात किती नावे होती ते त्याने आम्हांस सांगितले नाही. रुग्णांच्या गोष्टी घरात बोलावयाच्या नाहीत, असा त्याचा नेम आहे आणि आम्हीही विचारले नाही. यादी इस्पितळाच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांतील जे रुग्ण त्या क्षणी इस्पितळात खाटेवर होते, त्यांची नावे त्याने वर काढून ठेवली होती आणि फोन करून ती एकेक वाचून दाखविली. पलीकडून प्रत्येक नावानंतर "हो" असे ऐकू येत होते. एका नावानंतर "हो" येण्यास थोडा उशीर लागला. भाचा कानाशी फोन धरून उभा राहिला. मग पलीकडून आवाज आला की त्या बाईंना सकाळी सहाची मात्रा द्यावयाची होती, ती आता काढून टाकली आहे.

त्याने फोन ठेवला, आमच्या हातातील गार झालेला चहा घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. आठ वाजता त्यास पुन्हा कचेरीत जावयाचे होते. घेणाऱ्या बाजूस कागद उलगडण्याची ओळ घालून, शोधकाने दाखविलेल्या वाटेने जुन्या नोंदी जागच्या जागी लावावयाच्या होत्या. ते काम पुढे तीन दिवस चालले. आम्ही त्या सकाळी एकट्यानेच पुन्हा मांडवीकडे गेलो आणि ग्रंथालयाच्या काचेच्या जमिनीवर उभे राहून बराच वेळ खाली पाहत राहिलो. खालच्या मजल्यावर कोणीतरी पुस्तक शोधीत होते. त्याच्या डोक्याची सावली तेवढी हलताना दिसत होती.